चिरेबंदी घर, एकट्या आजी आणि तीन कॅमेरे : एक प्रकरण अभ्यास

गुहागर तालुक्यातल्या एका वाडीतलं हे घर. चिऱ्याच्या दीड फुटी भिंती, वर कौलं, पुढे अंगण आणि ओटी, मधे माजघर, मागे पडवी, तिच्या टोकाला न्हाणीघर आणि पलीकडे विहीर. घरात ७९ वर्षांच्या आजी एकट्या राहतात. मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं झालेली, डाव्या कानाने कमी ऐकू येतं, साधा बटणांचा मोबाइल वापरतात. मुलगा डोंबिवलीत, मुलगी न्यू जर्सीत. सकाळी दोन तास घरकामाला एक बाई येतात. सर्वात जवळचं शेजारघर गडग्यापलीकडे (दगडी कुंपणापलीकडे), चाळीसेक मीटरवर.

मुलाने तालुक्याच्या गावातून आठ कॅमेऱ्यांचा डीव्हीआर संच (तारेचे कॅमेरे आणि त्यांचं चित्रण साठवणारा डबा) बसवून घेण्याचं जवळपास ठरवलं होतं. आजींची अट एकच होती: "मी काही दाबणार नाही, नि निजते तिथे डोळा नको." ही अट अडचणीची वाटते, पण सगळी निवड तिनेच सोपी केली.

घरच्यांना नेमकं काय कळायला हवं, हे आधी कागदावर लिहून काढलं. रात्री अंगणात कोण आलं? मागच्या दाराशी कोणी आहे का? सकाळी आजी उठून कामाला लागल्या का? आणि आजींना स्वतःला काय हवं? दार वाजलं तर उघडण्याआधी बाहेर कोण आहे ते दिसावं. पहिले तीन प्रश्न मुलांचे, चौथा आजींचा. एकाच उपकरणाने चारही सोडवायला गेलं की आजींच्या हातात स्मार्टफोन येतो, त्यावर ॲप येतं, ॲप अपडेट मागतं, पुन्हा लॉगइन मागतं आणि महिनाभरात फोन कपाटात जातो. म्हणून इथे दोन वेगळ्या व्यवस्था केल्या: मुलांसाठी कॅमेरे, ज्यांना आजींनी हात लावायची गरज नाही, आणि आजींसाठी तारेचा व्हिडिओ डोअर फोन, ज्याला इंटरनेट लागत नाही.

डोअर फोनबद्दल आधी सांगतो, कारण "वयस्करांसाठी सोपा कॅमेरा" शोधणारे नेमकं हेच विसरतात. ओटीच्या दाराबाहेर बटण आणि छोटा कॅमेरा, आत सात इंची पडदा, मधे चार तारांची केबल. बाहेर बटण दाबलं की घंटा वाजते आणि पडदा आपोआप उजळतो. बोलायचं तर एक बटण. बाकीच्या बटणांवर पांढरी चिकटपट्टी लावून टाकली. पडदा माजघरात पलंगापासून दोन पावलांवर, आजींच्या खांद्याच्या उंचीवर बसवला. कारागीर सवयीने तो पाच फुटांवर बसवतात आणि वाकलेल्या माणसाला मान वर करून बघावं लागतं. केबल विजेच्या तारेच्या पाइपातून नेली नाही. तशी नेली तर आवाजात घरघर येते. घंटेचा आवाज सर्वांत मोठा ठेवूनही स्वयंपाकघरात ऐकू जाईना, तेव्हा तिथे दुसरी घंटा जोडली.

आता नाकारलेले पर्याय. डीव्हीआर संच वाईट नसतो. जिथे इंटरनेटच नाही तिथे तोच योग्य. पण इथे तीन गोष्टी आड आल्या. मागचं चित्रण बघायचं तर टीव्ही लावून माउसने मेन्यू उघडावा लागतो. कौलांखालून सगळीकडे तांब्याच्या लांब केबली जातात आणि वळवाच्या विजांत त्याच केबलींतून झटका येऊन डीव्हीआरसकट सगळे कॅमेरे एका दणक्यात जाऊ शकतात. शिवाय आठ कॅमेऱ्यांपैकी तीन तरी घराच्या आत येणार होते. सोलर-बॅटरीचे कॅमेरे आकर्षक दिसतात, पण ते एरवी झोपलेले असतात. उष्णतेची हालचाल जाणवली की जागे होतात आणि पहिले एक-दोन सेकंद निसटतात. जून ते सप्टेंबर कोकणात पॅनेलला ऊन कुठलं? सिम कार्डचे ४जी कॅमेरेही सोडले. वाडीत मोबाइलची रेंज एका खिडकीत येते आणि दुसरीत जाते.

उरले वीजजोडणीचे वाय-फाय कॅमेरे. बाहेरचे दोन स्थिर, आयपी६६ दर्जाचे (धूळ आणि पावसाचा मारा सोसणारे), १२ व्होल्टचे. आतला एक फिरणाऱ्या मानेचा. तिन्ही एकाच कंपनीचे घेतले, म्हणजे मुलांना एकच ॲप. खोक्यावर तीन गोष्टी बघितल्या. मेमरी कार्डाची सोय आहे आणि मासिक वर्गणीशिवाय चित्रण बघता येतं. हलतंय ते माणूस आहे का, हे ओळखण्याची सोय कॅमेऱ्यातच आहे, वर्गणीत नाही. ओएनव्हीआयएफ किंवा आरटीएसपी (वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं जोडायच्या सामाईक पद्धती) चालतं, म्हणजे उद्या कंपनीने ॲप बंद केलं तरी कॅमेरा दुसऱ्या रेकॉर्डरला जोडता येईल. भारतीय मानक ब्युरोचा 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांकही तपासावा. एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सायबर सुरक्षेच्या सरकारी चाचण्या बंधनकारक झाल्या आहेत आणि दुकानात पडून असलेला जुना माल स्वस्तात खपवला जाऊ शकतो.

वाय-फाय आणि भिंती

चिरा वाय-फायचा वैरी. पावसात ओल धरलेला चिरा तर जास्तच. राउटर माजघरात होता. फोनवर सिग्नल मोजला तर ओटीवर उणे ६२ डीबीएम, मागच्या पडवीत उणे ७८. हा आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल चांगला. कॅमेऱ्याला उणे ६५च्या आसपास हवं. उणे ७०च्या खाली गेलं की चित्र अडकतं आणि कॅमेरा मधेच गायब होतो. दुकानदार अशा वेळी रिपीटर सुचवतो. रिपीटर मिळालेला अर्धमेला सिग्नलच पुढे ढकलतो, म्हणून तो घेतला नाही. राउटरपासून पडवीपर्यंत घराच्या आतून २० मीटर कॅट-६ केबल (इंटरनेटची तार) टाकून तिथे साधा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे तारेने जोडलेला वाय-फायचा डबा, लावला. पडवीतलं माप उणे ५०वर आलं.

जोडणीच्या वेळी हमखास नडणारी गोष्ट म्हणजे हे कॅमेरे बहुधा फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. राउटर दोन्ही बँड एकाच नावाने देत असेल तर फोन ५ गिगाहर्ट्झवर बसतो, कॅमेरा २.४ शोधत राहतो आणि क्यूआर कोड दहा वेळा दाखवूनही काही होत नाही. इथे २.४ला वेगळं नाव दिलं, वाय-फायची सुरक्षा डब्ल्यूपीए२ प्रकारची ठेवली, नाव लपवलं नाही. ते नाव आणि पासवर्ड दोन्ही लिहून ठेवले. पुढेमागे राउटर बदलला तर नव्यावर हेच नाव, हाच पासवर्ड टाकायचा. कॅमेरे आपले आपण जोडले जातात. नाहीतर प्रत्येक कॅमेरा शिडीवर चढून रीसेट करावा लागतो आणि शिडीवर चढणारा डोंबिवलीत असतो.

वीज

महावितरणची वीज इथे पावसाळ्यात तासन्‌तास जाते, वादळात दिवसही जातो. घरी १५० एएचची (ॲम्पियर-तासांची) बॅटरी आणि इन्व्हर्टर होता. हिशोब असा: फायबरचा डबा-राउटर आणि ॲक्सेस पॉइंट मिळून १५ वॉट, तीन कॅमेरे १५ वॉट, इन्व्हर्टरचा स्वतःचा खर्च १५ ते २०. म्हणजे ५० वॉट धरा. बॅटरी १२ व्होल्ट गुणिले १५०, म्हणजे १,८०० वॉट-तास; त्यातले ७० टक्के वापरले तर १,२६०. नुसते कॅमेरे चालले तर २५ तास. रात्री आठ तास पंखा आणि एक दिवा चालला की त्यातले सहाशेच्या वर जातात, म्हणजे एक रात्र आणि पुढचे चार-पाच तास. तेवढं पुरेसं मानलं.

गंमत अशी की इन्व्हर्टर असूनही राउटर त्यावर नव्हता. बहुतेक घरांत इन्व्हर्टरच्या लाइनवर फक्त दिवे-पंखे असतात, प्लग नसतात. वायरमनकडून त्या लाइनवर दोन पाच ॲम्पियरचे प्लग काढून घेतले आणि बाहेरच्या कॅमेऱ्यांची वायर थेट विजेच्या डब्यात नेली, कोणाच्या हाताला स्विच लागणार नाही अशी. झाडू मारताना प्लग काढला आणि लावायचा राहिला, हे कॅमेरा बंद पडण्याचं सर्वांत साधं कारण आहे. विजा कडाडल्या की मेन पाडायची आजींची जुनी सवय. पण मेन पाडला तरी इन्व्हर्टर कॅमेऱ्यांना वीज देतच राहतो, म्हणून मेनशेजारीच त्या लाइनचा वेगळा स्विच दिला. दोन्ही एकदम पाडायचे, एकदम वर करायचे.

आतल्या कॅमेऱ्याने पहिल्याच रात्री दगा दिला. दिवसा उत्तम, अंधार पडला की दर काही मिनिटांनी बंद-चालू. दोष कॅमेऱ्याचा नव्हता. वायर लपवायची म्हणून सोबतच्या केबलऐवजी पाच मीटरची बारीक यूएसबी केबल टाकली होती. रात्री कॅमेऱ्यातले इन्फ्रारेड दिवे (डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचे) लागले की प्रवाह वाढतो. अर्धा ॲम्पियर प्रवाहाला एवढ्या लांब बारीक तारेतच सुमारे एक व्होल्ट खर्च होतो आणि पाच व्होल्टांतले चारच कॅमेऱ्यापर्यंत पोचतात. प्लग कॅमेऱ्याजवळ आणून मूळची केबल लावली, तक्रार संपली. बाहेरचे कॅमेरे १२ व्होल्टचे घेण्यामागेही हेच कारण. तिथे एवढी घट चालून जाते.

कुठे बसवले, कसे बसवले

पुढचा कॅमेरा ओटीच्या लाकडी खांबावर, जमिनीपासून आठ फुटांवर. त्याहून वर गेला की चेहरा दिसत नाही, छत्री आणि टोपी दिसते. कौलारू घरात कारागीर कॅमेरा वळचणीखाली सरळ अंगणाकडे तोंड करून लावतात. उन्हाळ्यात झकास दिसतं. जूनमध्ये समोर पागोळ्यांचा पडदा उभा राहतो, रात्री त्यावर इन्फ्रारेड चमकून सगळं पांढरं होतं आणि रात्रभर 'हालचाल' असे निरोप येतात. म्हणून कॅमेरा घराच्या लांबीला समांतर वळवला, पायऱ्या आणि बेडं (आवाराचं फाटक) तिरके दिसतील असा. इन्फ्रारेड बंद करून ओटीबाहेर नऊ वॉटचा एलईडी रात्रभर ठेवला, कॅमेऱ्यापासून पाचेक फूट दूर. रंगीत चित्र मिळतं आणि किडे दिव्यापाशी जातात, भिंगापाशी नाही. तरी कोळी जाळं विणतोच. पंधरवड्याला एकदा लांब झाडू फिरवायचं काम बाईंकडे दिलं आणि त्याचे वेगळे पैसे ठरवले.

चिऱ्यात प्लास्टिकचा गट्टू (स्क्रू धरणारी खुंटी) धरत नाही. दगड सच्छिद्र, भोक भुसभुशीत होतं आणि पहिल्या वाऱ्यात कॅमेरा मान टाकतो. शक्य तिथे खांब किंवा वासाच घ्यावा. मागच्या कॅमेऱ्याला भिंतीशिवाय इलाज नव्हता, तिथे तीन इंची गट्टू सिमेंटच्या घोळात बसवून दोन दिवस वाळू दिला. खाऱ्या हवेसाठी स्टेनलेस स्टीलचे स्क्रू. जोड बंद डब्यात, आणि केबल डब्यात शिरण्याआधी खाली झोल देऊन, म्हणजे पाणी झोलावरून गळून जातं. कॅमेऱ्याच्या शेपटीतला न वापरलेला लॅनचा (इंटरनेटच्या तारेचा) जोड उघडा सोडू नये. त्यावरचं रबरी टोपण घट्ट बसवून वर टेप गुंडाळला; तिथून पाणी शिरलं तर कॅमेरा आतून गंजतो.

आतला कॅमेरा स्वयंपाकघराच्या दाराशी, ओटा आणि मागचं दार दिसेल असा. माजघर त्याच्या पाठीमागे. माणसामागे आपोआप मान वळवायची सोय बंद केली. आपण चालतो तिकडे ते यंत्र वळतं, याने आजींना दचकायला झालं आणि ते रास्तच आहे. या कॅमेऱ्यांत 'खासगी' मोड असतो, भिंग फिरून आत जातं. पण तो मोड लांबून कोणीही ॲपमधून काढू शकतं. त्यामुळे आतल्या कॅमेऱ्याला भिंतीवरचा लाल स्विच दिला. आजींनी तो पाडला की कॅमेरा मेला, डोंबिवलीहून चालू करता येत नाही. 'चुकून बंद राहिला तर?' या मुलाच्या प्रश्नाला उत्तर असं, की मग फोन करून विचारायचं. संमती काढून घेता येत नसेल तर ती संमती नव्हेच, आणि जो कॅमेरा स्वतःला बंद करता येतो तोच वयस्कर माणूस चालू ठेवतो.

कॅमेऱ्यातून बोलायची सोय आहे, पण आधी मोबाइलवर फोन, तो उचलला नाही तरच कॅमेऱ्यातून हाक, असं ठरलं. कमी ऐकू येणाऱ्या माणसाला पाठीमागून डब्यातला आवाज आला तर हातातलं पातेलं पडायचं.

निरोप आणि कार्ड

पहिल्या आठवड्यात मुलाच्या फोनवर निरोपांचा पूर आला. झावळीची सावली, शेजारची कोंबडी, वानरं, पाल. संवेदनशीलता कमी करणं हा उपाय नव्हे, मग माणूसही सुटतो. 'फक्त माणूस' हा पर्याय निवडला, चित्रात पायऱ्या आणि बेड्याभोवती चौकट आखली, पुढच्यासाठी रात्री दहा ते सकाळी सहा ही वेळ लावली. मागच्या दाराला चोवीस तास, कारण तिथून सहसा कोणी येत नाही. शेजारच्या अंगणाचा जो कोपरा दिसत होता त्यावर ॲपमधून काळी पट्टी टाकली.

रात्रीचे निरोप मुलीकडे दिले. भारतात रात्रीचे दोन वाजतात तेव्हा न्यू जर्सीत उन्हाळ्यात दुपारचे साडेचार असतात. ती जागी असते, मुलगा झोपलेला. सकाळची नजरही तिचीच: इथले आठ म्हणजे तिथले आदल्या रात्रीचे साडेदहा, हिवाळ्यात साडेनऊ. ओट्यापाशी आजी दिसल्या की झालं. 'हालचाल झाली नाही' असा निरोप या कॅमेऱ्यांत नव्हता, त्यामुळे ही नजर माणसानेच टाकायची.

कार्डाचं गणित: दीड एमबीपीएसने (सेकंदाला दीड मेगाबिट) सतत चित्रण म्हणजे दिवसाला सुमारे १६ जीबी. १२८ जीबीत सात-आठ दिवस मावतात, मग जुनं पुसलं जातं. फोनसाठीची स्वस्त कार्डं या सततच्या लिहिण्या-पुसण्याने मरतात आणि मरताना सांगत नाहीत. ॲप कार्ड 'ठीक' दाखवतं आणि गरज पडते तेव्हा चित्रण नसतं. 'हाय एन्ड्युरन्स' (सततचं लिहिणं सोसणारी) लिहिलेलीच घेतली, कॅमेऱ्यातच फॉरमॅट केली आणि दर महिन्याच्या एक तारखेला मुलगा तिन्हींचं आदल्या दिवशीचं चित्रण अर्धा मिनिट चालवून बघतो.

खातं कोणाचं

बसवणारा कारागीर स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या खात्यात कॅमेरे जोडून देतो आणि पासवर्ड 'नंतर बदला' म्हणतो. कॅमेरा ज्या खात्याला बांधला गेला त्याच्या मालकाने सोडल्याशिवाय सहसा सुटत नाही, आणि तोपर्यंत तुमचं स्वयंपाकघर त्याच्या खिशात. घरासाठी नवा ईमेल काढून, मुलाच्या फोनवरून, दुहेरी पडताळणीसह खातं उघडलं. मुलीला पासवर्ड न देता ॲपमधून चित्र बघायची वाटणी दिली. शेजाऱ्यांना फक्त पुढच्या कॅमेऱ्याची. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातलं महिलांचं चित्रण बाहेर विकलं गेल्याचं उघड झालं, तेव्हापासून सोप्या पासवर्डचं काय होतं हे वेगळं सांगायला नको.

कायद्याचं थोडक्यात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातून घरगुती वापराला सूट आहे. पण माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ई, म्हणजे संमतीशिवाय खासगी अवयवांचं चित्रण, घरातही लागू होतं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. राहत्या घरात सहरहिवाशांच्या संमतीशिवाय कॅमेरे नकोत, असं कोलकाता उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये भावाभावांच्या वादात म्हटलं. कामाला येणाऱ्या बाईंनाही आधी सांगितलं आणि त्यांना ॲपमध्ये त्यांचं चित्र दाखवलं.

खर्च असा आला: बाहेरचे दोन कॅमेरे ६,०००, आतला २,०००, तीन कार्डं ३,६००, डोअर फोन दुसऱ्या घंटेसकट ५,५००, ॲक्सेस पॉइंट १,५००, केबल-डबे-स्क्रू १,९००, मजुरी ३,५००. एकूण २४,०००. आठ कॅमेऱ्यांच्या संचाचा अंदाज याच्या दीडपट होता.

पावसाळ्यात झाड पडून फायबर तुटली आणि चार दिवस तिन्ही कॅमेरे 'ऑफलाइन' दिसले. कार्डावर चित्रण चालू होतं, पण लांब बसलेल्यांना ते कसं कळणार? मुलीने पहिल्या तासात अकरा जणांना फोन केले. मग क्रम ठरवून एक कागद सर्वांना दिला: तिन्ही एकदम गेले तर वीज किंवा फायबर, आजींना फोन करा. एकच गेला तर तो कॅमेरा किंवा त्याची वायर, घाई नाही. आतला असेल तर लाल स्विच. आजी दोनदा फोन उचलत नाहीत तर शेजारी. तिथूनही काही कळेना तर ११२.

न्हाणीघराचा प्रश्न मात्र कॅमेऱ्याने सुटणारा नव्हता. पडण्याचा धोका तिथेच सर्वांत जास्त, आणि कॅमेरा तिथेच लावायचा नाही. सहाशे रुपयांची बिनतारी घंटा आणली. बटण जमिनीपासून दीड फुटावर बसवलं, पडलेल्या माणसाचा हात पोचेल असं. घंटा शेजाऱ्यांच्या घरी. खोक्यावर शंभर मीटर लिहिलेलं असलं तरी चिऱ्याच्या भिंतीआडून चाळीस मीटरही जाईना. शेजाऱ्यांनी ती खिडकीत टांगली तेव्हा वाजली. प्लगमध्ये लावायची घंटा वीज गेली की मुकी होते, म्हणून सेलवर चालणारी बदलून घेतली. दर रविवारी न्हाणीघर धुताना बाई ते बटण एकदा दाबतात, शेजारून "वाजली" अशी हाक येते. नाही आली तर सेल बदलायचे.